आज्जाची पलटण गेली त्या वाटेनं: कॅसिनो, फ्लॉरेन्स, सेनिओ

आमचा आज्जा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक, पण ठाऊक म्हणजे एवढंच. कुठल्या गावात होता, कुठल्या साली, कुठल्या पलटणीत, कुणाला काही सांगता यायचं नाही. आज्जा बोलायचा पण तुकड्यातुकड्यानं, उसाला रात्रीचं पाणी पाजायला निघाला आणि आम्ही पोरं मागं लागून गेलो की बांधावर बसल्या बसल्या काहीतरी निघायचं. एक नदी होती म्हणायचा, रुंदीला आपल्या हिरण्यकेशीपेक्षा लहानच, पण लई पोरं तिच्यात गेली. बर्फात खेचरं हाकल्याचं सांगायचा. आणि एक गोष्ट आम्ही त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो, की एका मोठ्या वाड्यात पुरुषभर उंचीच्या तसबिरी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर रात्रीचा पहारा होता, एका तसबिरीत बायका अनवाणी पायानं फेर धरून नाचत होत्या आणि एकीच्या अंगावर नुसती फुलंच फुलं.

आज्जा गेला त्याला आता वीसवर वर्षं झाली. आजी मात्र परवा-परवापर्यंत होती आणि तिला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून सरकारी मानधन मिळायचं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं. ती गेल्यावर तिची फाईल मी आणि दादानं चाळली. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, मराठा लाइट इन्फंट्रीतनंच सुभेदार होऊन रिटायर झालेला. हयातीचे दाखले, बँक पासबुकाच्या झेरॉक्स, आधार कार्ड, आणि सगळ्यात खाली आज्जाच्या डिस्चार्ज सर्टिफिकेटची झेरॉक्स, पार फिकट झालेली. दादानं ती उजेडात धरून वाचली. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका गडहिंग्लज, कोल्हापूर स्टेट. 1941 ला भरती, 1946 ला डिस्चार्ज. मेडलांच्या रकान्यात इटली स्टार. आणि पलटण 1/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन.

दादा एकदम म्हणाला, "अगं ही तर जंगी पलटण! आणि म्हातारा आयुष्यभर नुसता मराठा मराठा म्हणत राहिला."

ज्यांना मिल्ट्रीतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जंगी पलटण हे या पहिल्या बटालियनचं टोपणनाव, आणि पलटण कळली की सगळं दार उघडतं. शिपायाच्या एकट्याच्या नोंदी मिळणं लई अवघड, पण बटालियन कुठल्या दिवशी कुठं होती हे कागदावर असतं. प्रत्येक बटालियन लढाईच्या काळात रोजची वॉर डायरी लिहायची आणि त्या काळच्या वॉर डायऱ्या लंडनला क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमधे ठेवलेल्या आहेत. 1/5 मराठा ही 21 व्या ब्रिगेडमधे आणि ती ब्रिगेड 8 व्या इंडियन डिव्हिजनमधे. ही डिव्हिजन 1943 च्या सप्टेंबरमधे इटलीच्या टाचेला टारांटो बंदरात उतरली आणि एप्रिल 1945 मधे पो नदी आणि आदिजे नदी ओलांडून पार उत्तरेला पोचली. मधे सांग्रो, कॅसिनोची गारी नदी, फ्लॉरेन्स, अपेनाइन्सचे डोंगर, सेर्किओचं खोरं, सेनिओ. आज्जाची नदी, बर्फ आणि वाडा याच ओळीत कुठंतरी असणार होते आणि मी आणि दादानं ठरवलं की ही ओळ पायाखाली घालायची.

थोडं आकड्यातपण सांगते, कारण आपल्याकडं हे शाळेत कधी येतच नाही. इटलीच्या मोहिमेत भारताच्या तीन डिव्हिजन होत्या, 4, 8 आणि 10. पन्नास हजारांवर माणूस. त्यातले 5,782 तिथंच राहिले. इटलीत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, दिले गेले त्यातले 6 भारतीयांना, आणि त्या सहातले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. आम्ही शाळेत दुसरं महायुद्ध म्हणून हिटलर, पर्ल हार्बर, हिरोशिमा पाठ केलं, पण आपल्याच शेजारच्या तालुक्यांतली पोरं तिथं नदीत उतरली होती याचा एक शब्द नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

टारांटोवर मी फार लिहीत नाही, बंदर ते बंदर. तिथनं भाड्याच्या गाडीनं समुद्राच्या कडेकडेनं वर सांग्रोपर्यंत आलो. नोव्हेंबर 1943 मधे इथं एवढा पाऊस लागला की नदीला पूर आला आणि बांधलेले पूल वाहून गेले, आम्ही गेलो तेव्हा एप्रिलात खडकाळ पात्रात जरासंच पाणी. टेकडीवर सांग्रो रिव्हर वॉर सिमेटरी आहे, अडीच हजारांवर कबरी, एका ओळीत, पांढरे दगड, कापलेलं गवत, मधे फुलझाडं. आम्ही ओळी ओळीनं नावं वाचत चाललो, इंग्रज, न्यूझीलंडचे, मुसलमान शिपायांची नावं येत होती, आणि मराठी नाव काही दिसेना. मग दादा म्हणाला, आपल्यातली पोरं पुरली कुठं होती, जाळली होती की. आणि खरंच, बाजूला क्रिमेशन मेमोरियल आहे, आपापल्या धर्माप्रमाणं ज्यांना अग्नी दिला त्या 500 हून जास्त भारतीय सैनिकांची नावं तिथं आहेत.

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जोर देऊन सांगते. इटलीत आपल्या हिंदू आणि शीख सैनिकांच्या कबरी शोधायला गेलात तर रिकाम्या हातानं परत याल. त्यातल्या बहुतेकांना कबर नाही, त्यांना दगडावर एक ओळ आहे. सांग्रो, अरेत्झो, फोर्ली, या गावांतल्या क्रिमेशन मेमोरियलवर. आणि ज्यांचा देहच सापडला नाही त्यांची नावं कॅसिनोला. कबरींच्या मधनं फिरून, दोन फोटो काढून, "इथं आपलं कुणी नाही वाटतं" म्हणून निघालात तर आपली माणसं मागंच राहतील.

तिथनं कॅसिनोला. माँते कॅसिनोचा ख्रिस्ती मठ डोंगरावर लांबनंच दिसतो. 15 फेब्रुवारी 1944 ला विमानांनी बाँब टाकून तो पार भुईसपाट केला होता, आत्ताचा आहे तो युद्धानंतर परत बांधलेला. सगळे टुरिस्ट मठ बघायला जातात. आम्ही आधी खाली सांतअँजेलोला गेलो, गारी नदीच्या काठाला.

नदी बघून मी तर थबकलेच. पुलावर उभं राहिलं तर पलीकडच्या माणसाशी नुसतं बोललं तरी ऐकू जाईल एवढी अरुंद. पाणी हिरवट, काचेगत स्वच्छ, आणि बघता बघता लक्षात येतं की ते किती जोरात चाललंय. एक वाळकी काटकी टाकली तर गेली कुठं कळलं नाही. दादा पुलावर थांबलाच नाही, तो काठ उतरून पाण्याजवळ गेला, वाकून हात घातला आणि लगेच काढला, एप्रिलातपण गार. मग मला हाक मारून म्हणाला, "पाणी बघू नको, पलीकडचा काठ बघ." सांतअँजेलो गाव उंचावर आहे, आणि त्या उंचावर जर्मन मशीनगना. इकडची बाजू सपाट शेत. आडोसा म्हणून काही नाही. जानेवारीत अमेरिकेच्या 36 व्या डिव्हिजननं इथंच प्रयत्न केला होता आणि फार माणसं गमावून माघार घेतली होती. 11 मे 1944 च्या रात्री 11 वाजता हजारावर तोफा एकदम सुरू झाल्या आणि 8 व्या इंडियन डिव्हिजनची माणसं नावा घेऊन या पाण्यात उतरली. धूर आणि धुकं एवढं की हातभर अंतरावरचं दिसेना, प्रवाहानं नावा फिरवल्या, कितीतरी उलटल्या. पहाटेपर्यंत पूल उभा करायचाच होता, नाहीतर पलीकडं पोचलेल्यांना रणगाडे कसे मिळणार. त्यातला एक पूल तर चक्क रणगाड्याच्या पाठीवर लादून नदीत नेला आणि टाकला. पलीकडच्या काठावर दुसऱ्या दिवशी पंजाब रेजिमेंटच्या कमल रामनं व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, वय 19.

पहिल्या रात्री 17 आणि 19 ब्रिगेड पुढं होत्या, आज्जाची 21 राखीव होती, ती नंतर पुलावरनं पुढं गेली. म्हणजे "पोरं तिच्यात गेली" हे आज्जानं काठावरनं बघितलेलं. हे लक्षात आल्यावर मला त्याच्या सांगण्यातली एक गोष्ट नीट कळली, तो 'आम्ही गेलो' कधीच म्हणायचा नाही, 'पोरं गेली' म्हणायचा.

त्याच रात्री वर मठाच्या डोंगरावर पोलंडची सेकंड कोअर चढत होती, जनरल अँडर्सची. आठवडाभर झुंजून 18 मे ला मठाच्या ढिगाऱ्यावर पोलंडचा झेंडा लागला. आम्ही वर गेलो तेव्हा पोलिश सिमेटरीत शाळेची एक ट्रिप आली होती, पोलंडहून. त्यांच्याबरोबरच्या मास्तरीणबाईंना दादानं त्याच्या मिल्ट्रीच्या इंग्लिशमधे सांगितलं, वी आर फ्रॉम कोल्हापूर. मला वाटलं आता नकाशा काढून दाखवावं लागणार. तर बाई म्हणाल्या, "वालिवाडे!" आणि पोरांकडं वळून भराभरा काहीतरी सांगायला लागल्या.

कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: रशियानं सैबेरियाकडं हाकललेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे भारतात आली आणि 1943 पासून 1948 पर्यंत सुमारे पाच हजार माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पमधे राहिली, बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. त्यांची शाळा, चर्च, दुकानं, नाटकं सगळं तिथं. आणि बापे कुठं होते? त्यातले कितीतरी अँडर्सच्या फौजेत. म्हणजे 11 मे च्या त्या रात्री डोंगरावर चढणाऱ्या पोलिश शिपायाची बायकापोरं पंचगंगेच्या पाण्यावर वळिवड्यात झोपली होती आणि खाली नदीकाठाला आमचा आज्जा, ज्याचं घर त्याच कोल्हापूर संस्थानात, त्याच लढाईत. दोघांनी एकमेकाला कधी बघितलंही नसेल. कॅम्प उठल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता गांधीनगरला बांधलाय, माझासुद्धा. वॉर्सामधे कोल्हापूरचं स्मारक आहे आणि माँते कॅसिनोचंही, ऑगस्ट 2024 मधे पंतप्रधानांनी एकाच दिवशी दोन्हीकडं फुलं वाहिली ती बातमी आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, पण ही दोन नावं एकमेकांना अशी बांधलेली आहेत हे मला त्या डोंगरावर उभं राहिल्यावर कळलं.

खाली कॉमनवेल्थच्या सिमेटरीत मधे पाण्याचा लांबट हौद आहे आणि दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे खांब, त्यावर चार हजारांवर नावं, ज्यांची कबर कुठंच नाही. त्यात नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातले, रायगडचे. 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधली सगळी माणसं पडली, एकटे उरले, तरी मशीनगनवर चालून गेले, बाँब टाकला, टॉमीगननं एकाला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडनं धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग स्नायपरच्या गोळीनं गेले. 22 वर्षांचे होते. माँतोने गावात 2023 मधे त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक केलंय, इटलीतल्या एका छोट्या गावानं. दादा तिथं किती वेळ उभा होता मी सांगत नाही.

आता वाड्याचं.

फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला, तासाभराच्या आत, माँतेगुफोनी म्हणून एक जुना किल्लेवजा वाडा आहे. युद्ध जवळ यायला लागलं तशी फ्लॉरेन्सच्या उफिझी म्युझियमची चित्रं आसपासच्या वाड्यांत, बंगल्यांत हलवली होती, त्यातला हा एक. 1944 च्या जुलैअखेर 1/5 मराठा तिथं पोचली आणि वाड्यातच मुक्काम पडला. तळघरात आसपासच्या गावांतनं पळून आलेली माणसं, आणि वरच्या दालनांत भिंतीला टेकवून ठेवलेली, कसलंही वेष्टण नसलेली, जगातली काही सगळ्यात मोलाची चित्रं. जोत्तोची मॅडोना. उच्चेल्लोचं सान रोमानोची लढाई. आणि बोत्तिचेल्लीचं प्रिमावेरा. जर्मन दोन-तीन मैलांवर. उफिझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला आधीच तिथं चालत येऊन चित्रांची राखण करत बसले होते. मग चित्रांवर पहारा लागला, मराठा पलटणीचा.

हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी दादाला अकरा वाजता फोन केला होता. तो काही बोललाच नाही बराच वेळ. मग म्हणाला, "फुलं फुलं म्हणायचा गं."

आज तो वाडा टुरिस्टना राहायला देतात. आम्ही मुद्दाम तिथं मुक्काम केला. कमानीतनं आत चौक, जाडजूड भिंती, फरशी झिजून खड्डे पडलेली. संध्याकाळी दादा दालनांमधनं हिंडत होता आणि मला दाखवत होता, पहारा द्यायचा तर इथं उभा राहशील, इथनं दार पण दिसतं आणि जिना पण. दोन तास उभं, चार तास आराम, अजूनही तसंच असतं म्हणाला. रात्री मला झोप लागेना. गडहिंग्लजकडचा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, शाळा चौथीपर्यंत, चित्र म्हणून आयुष्यात बघितलेलं ते देवळातलं आणि पंचांगातलं, तो हातात कंदील आणि खांद्याला बंदूक घेऊन या भिंतीपाशी उभा आहे आणि समोर तीन मीटर लांबीचं ते चित्र. कुणी त्याला सांगितलं नसेल की हे काय आहे. तरी त्याला ते पन्नास वर्षं जसंच्या तसं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी उफिझीला. प्रिमावेरासमोर ही गर्दी, मोबाईल वर धरलेले. गर्दी जरा हलली तशी आम्ही पुढं सरकलो. लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, साधारण 1480 च्या सुमाराचं. डावीकडं तिघी एकमेकींचे हात धरून नाचतायत, अनवाणी, अंगावर झिरझिरीत कापड. उजवीकडं एक चालत येतेय, तिच्या झग्यावर, गळ्यात, केसात, ओट्यात सगळी फुलं, आणि ओट्यातली ती वाटेवर टाकत चाललीय. पायाखालच्या गवतातपण बारीक बारीक फुलं, एकेक पाकळी वेगळी काढलेली. एवढ्या जवळनं बघितल्यावर मला सगळं आज्जाच्याच आवाजात ऐकू येत होतं, तो कुठनं सुरुवात करायचा, मग कुणाकडं जायचा. त्यानं एकीचं सांगितलं नव्हतं ते म्हणजे मधे उभी असलेली बाई, हात जरा वर केलेली, मान कललेली. दादा म्हणाला त्यानं तिचं सांगितलं असेल, आम्हीच विसरलो असू.

फ्लॉरेन्सला गेलात तर अजून एक करा. कास्चिने नावाची मोठी बाग आहे आर्नो नदीच्या काठानं, तिच्या पार पश्चिम टोकाला चालत जा. तिथं छत्री आहे आणि छत्रीत रंगीत अर्धपुतळा, आपले छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. इंग्लंडहून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समधे वारले, वय अवघं 20. आर्नो आणि मुन्योने नदीचा संगम आहे तिथं, त्या संगमावर त्यांना अग्नी दिला. 1874 मधे हे स्मारक झालं, आराखडा चार्ल्स मँटचा, ज्यानं नंतर आपल्या कोल्हापूरच्या नवीन राजवाड्याचा आराखडा केला. शेजारच्या नव्या पुलाचं नावच इंदियानो पडलंय. मी राजाराम कॉलेजमधे शिकले, त्या नावाचे महाराज इथं आहेत हे वाचून माहीत होतं, पण संगमावर उभी राहिल्यावर वेगळंच वाटलं. जाळायला परवानगी कुठं मिळते, लाकूड कोण आणतं, मंत्र कोण म्हणतं, परक्या गावात आपल्या माणसाचं शेवटचं कसं करायचं, हे प्रश्न 1870 ला महाराजांच्या माणसांना पडले आणि 1944 ला पलटणीतल्या जोडीदारांना पण पडले असणार. ऑगस्ट 44 मधे जर्मनांनी पोंते वेक्कियो सोडून फ्लॉरेन्सचे सगळे पूल उडवले होते. पलटण त्यानंतर या शहरात होती. महाराजांची छत्री आपल्या एखाद्या कोल्हापूरच्या शिपायानं बघितली असेल का, हा विचार काही माझ्या डोक्यातनं जाईना.

सेर्किओच्या खोऱ्यातनं, बर्फ आणि खेचरं आठवत, झटकन पुढं आलो आणि सेनिओला पोचलो. रोमान्याचा सपाट मुलूख, द्राक्षांचे आणि पीचचे मळे, आणि मधनंच 20-25 फूट उंचीचे दोन मातीचे बांध चाललेले, त्यांच्यामधे नदी. बांधावर चढल्याशिवाय नदी दिसतच नाही. जर्मनांनी या बांधांच्या पोटात खंदक आणि मशीनगना घातल्या होत्या आणि दोन्हीकडं सुरुंग पेरले होते. 9 एप्रिल 1945 ला दुपारभर विमानं आणि तोफा, संध्याकाळी ज्वाला फेकणारे रणगाडे, आणि मग पायदळ. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, 1/5 मराठाचे, म्हणजे आज्जाच्याच पलटणीचे. काम कंपनीच्या रनरचं, म्हणजे निरोप पोचवायचं. पलीकडच्या काठाला पोचता पोचता बरोबरची माणसं पडली, कंपनी कमांडर जखमी. नामदेव एका जखमीला उचलून खोल पाण्यातनं, चढणीचा बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातनं मागं घेऊन आले, परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले, एकटे, आणि तीन मशीनगन पोस्ट संपवल्या. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून दिली आणि हातबाँब घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत उरलेल्या कंपन्यांना हातानं पुढं बोलावलं. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनच्या कोहाटच्या अली हैदरनं पण व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

दादानं खिशातनं आज्जाचा इटली स्टार काढला. लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल फीत, इटलीच्याच झेंड्याचे रंग. तो शर्टावर उजवीकडं लावला, वडिलांचं-आज्जाचं मेडल उजव्या बाजूला लावतात, आणि बांधाच्या माथ्यावर सावधान उभा राहून पलटणीची घोषणा दिली, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की", आणि "जय" मी म्हणाले. खालनं सायकलवरनं चाललेला एक म्हातारा थांबला, आमच्याकडं बघितलं, टोपी काढली. आम्ही त्याला मेडल दाखवलं. त्यानं फितीवर बोट ठेवलं आणि मग नदीच्या पलीकडं, मग स्वतःच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरून दाखवला, की मी एवढा होतो.

फोर्ली शेवटचं. तिथली सिमेटरी नुसती भारतीय सैन्याची, पाचशेच्या आसपास कबरी, आणि क्रिमेशन मेमोरियलवर 750 हून जास्त नावं. यातलं एक नाव आम्ही निघायच्या आधीच शोधून ठेवलं होतं. आज्जाचा जोडीदार, आमच्या शेजारच्या गावचा, एकाच दिवशी भरती झालेले दोघं. आज्जा त्याचं नाव घ्यायचा पण तो कसा गेला ते सांगायचा नाही. नाव इथं लिहीत नाही, त्याच्या घरच्यांची परवानगी अजून घेतली नाही. रेजिमेंटप्रमाणं नावं आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीखाली हुद्द्याप्रमाणं बघत गेलो आणि सापडलं, इंग्रजीत, आडनावाचं स्पेलिंग जरा वेगळं. मी बॅगेतनं पातळ कागद काढला, दादानं दोन्ही हातांनी दगडावर दाबून धरला आणि मी पेन्सिल आडवी धरून घासत गेले. एकेक अक्षर पांढरं वर आलं. शेजारची चार-पाच नावंपण आली कागदावर, ती पुसायची नाहीत म्हणाला दादा, ती पण कुणाची तरी असतील.

कागद घेऊन आम्ही त्याच्या गावी गेलो. पुतण्या आहे, सत्तरीचा. घरात त्यांना एवढंच माहीत होतं की चुलता लढाईत गेला आणि तार आली. कागद बघून पहिल्यांदा त्यानं विचारलं की तिथं जायला खर्च किती येतो आणि पासपोर्ट कोल्हापुरात निघतो का. त्याच्या नातवाचा पासपोर्टचा अर्ज आम्ही तिथंच बसून मोबाईलवर भरला.

तुम्हाला शोधायचं असेल तर असं करा. घरात मानधनाची किंवा पेन्शनची फाईल असेल तर तिच्या तळापर्यंत बघा, डिस्चार्जची प्रत असते. नंबर आणि पलटण मिळाली की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा, नंबर असल्याशिवाय लिहू नका. लढाईत गेलेला माणूस असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर फुकट शोधता येतं. नावानं शोधू नका, आपल्या नावांची स्पेलिंगं इंग्रज साहेबांनी ऐकली तशी लिहिलीत. रेजिमेंट टाका, 5 मराठा लाइट इन्फंट्री, आणि जास्तीच्या माहितीच्या रकान्यात कोल्हापूर टाका. कितीतरी नोंदींत अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव अमुक, असं सगळं लिहिलेलं आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, कागल, भुदरगड, शिरोळकडची सैनिक टाकळी, गावांची नावं बघत गेलात तर रात्र सरेल. मी गडहिंग्लज तालुक्याची गाववार यादी करायला घेतलीय, कुठलं नाव इटलीत कुठल्या दगडावर आहे त्याची. तुमच्या गावातलं कुणी असेल तर गाव आणि नाव पाठवा, आणि दादा पुढच्या एप्रिलमधे परत जाणार आहे, त्याच्या बॅगेत पातळ कागदाला भरपूर जागा आहे.